विष येते कोठून?

वाचन : २ राजे ४:३८–४१, मार्क ७:१४–२३, याकोब ३:१–१२



मृगाचा पाऊस पडून गेला, की सातपुड्याकडच्या गावांतून संध्याकाळी एक पाहुणा न बोलावता घरी येतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटकडे ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांनी त्याला ओसरीवर बसलेला पाहिला असेल. रंग मातीचा, पाठ चामखिळींसारख्या गाठींनी भरलेली, उड्या आखूड, आणि चेहऱ्यावर वयोवृद्ध पंचाचा गंभीरपणा. दिव्याखाली येऊन तो स्वस्थ बसतो आणि उजेडावर झेपावणारे किडे जिभेने एकेक टिपत राहतो. आपण त्याला सरसकट बेडूक म्हणतो. पुस्तकी मराठीत त्याचे नाव भेक. तो शेतकऱ्याचा बिनपगारी गडी आहे, कारण रात्रभर तो पिकावरचे किडे खातो. त्याला हात लावला की अंगावर चामखिळी उठतात, हा समज मात्र निव्वळ खोटा आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना हे अवश्य सांगावे, म्हणजे निदान त्या बिचाऱ्यावर पडणारे दगड थांबतील.

पण तो बिचारा असला तरी निःशस्त्र नाही. त्याच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारखे दोन फुगवटे असतात. त्या विषाच्या ग्रंथी. घरातले नवखे कुत्रे कधी त्याला तोंडात धरते आणि दुसऱ्याच क्षणी टाकून देते. मग ते मान झटकते, त्याच्या तोंडातून फेस गळू लागतो, आणि ते अंगणभर फिरत राहते. त्या फुगवट्यांतून जो दुधासारखा पांढरा चीक येतो तो जिभेला असह्य असतो, आणि पुरेसा पोटात गेला तर हृदयाचे ठोके बिघडवतो. माणसालाही तो मारू शकतो. भेक शिजवला म्हणून त्याचे विष जात नाही.

धूलकोटकडच्या एका घरगुती प्रार्थनासभेत असाच प्रकार घडला, तेव्हा चटईवर बसलेल्या एका लहान मुलीने विचारले, “पण यानं हे विष आणलं कुठून?” मोठी माणसे हसली. मला तो प्रश्न हसण्याजोगा वाटत नाही. याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेच्या विषाविषयी लिहिताना जवळजवळ हाच प्रश्न मंडळीपुढे ठेवला आहे. ज्या तोंडाने आपण देवाची स्तुती करतो त्याच तोंडाने माणसाला शाप देतो. मग एकाच झऱ्याला गोडे आणि कडू पाणी येते तरी कसे? आज आपण त्या मुलीच्या प्रश्नाचाच माग काढू या. त्यासाठी मात्र थोडे दूर जावे लागेल.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या पावसाळी रानात एक बेडूक राहतो. तो लांबीला जेमतेम पाच सेंटिमीटर, आणि रंगाने हळदीसारखा पिवळाधमक. चार्ल्स मायर्स, जॉन डॅली आणि बोरिस मॉल्किन या संशोधकांनी १९७८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि त्याच्या नावातच ‘भयंकर’ हा शब्द घातला. त्या एवढ्याशा जिवाच्या कातडीत सुमारे एक मिलिग्रॅम विष असते, आणि तेवढे दहा माणसांना मारायला पुरेल असा अंदाज आहे. ते विष मज्जातंतूंची आणि स्नायूंची दारे उघडी पाडते आणि पुन्हा मिटू देत नाही. शेवटी हृदय थरथरून बंद पडते. तिकडचे एम्बेरा लोक शिकारीला निघण्यापूर्वी फुंकनळीतल्या बाणांची टोके या बेडकाच्या पाठीवर नुसती घासून घेत. असा बाण वर्षभर ठेवला तरी त्याचे विष उतरत नाही.

वर्षभर! वाचता वाचता मला आपल्या घरांतली काही वाक्ये आठवली. लग्नाच्या मांडवात कोणी कोणाला बोललेला एखादाच शब्द. मंडळीच्या सभेत हिशोब वाचला जात असताना मागच्या बाकावरून आलेला एखादाच टोमणा. बोलणारा विसरून जातो. बाण मात्र तसाच राहतो, आणि वर्षाने पुन्हा लागला तरी तितकाच लागतो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. या पिवळ्या बेडकाने विष आणले कोठून? पुष्कळ दिवस लोकांची समजूत अशी होती, की हे विष त्याच्या जन्माबरोबरच येते. पण प्राणिसंग्रहालयांत या जातीच्या बेडकांची पैदास झाली, त्यांना फळमाश्या आणि नाकतोडे खायला घालून वाढवले, आणि पाहतात तो काय, रंग तोच पिवळाधमक, पण कातडीत विषाचा मागमूस नाही! साधा निरुपद्रवी बेडूक. रानातल्या बेडकाचे विष रानातल्या खाण्यातून येते. मुंग्या, बारीक भुंगेरे, पालापाचोळ्यातली कोळी कीड, अशा किड्यांतले थेंब थेंब विष तो आपल्या कातडीत साठवतो. या गोष्टीला आणखी एक साक्षीदार मिळाला. हजारो मैल दूर, न्यू गिनी बेटावर, १९९२ साली एका पक्ष्याच्या पिसांत आणि कातडीत याच जातीचे विष सापडले, आणि २००४ साली तो पक्षी खातो त्या भुंगेऱ्यांतही ते मिळाले. एक पक्षी, एक बेडूक, मध्ये अख्खा महासागर. पण जेवणातून आलेले विष एकाच जातीचे.

या शोधातला पुढचा भाग मला अधिक विचार करायला लावतो. जे बेडूक रानातून पकडून आणले होते ते काही वर्षे निर्विष खाण्यावर ठेवले, तरी त्यांच्या कातडीतले विष ओसरले, पण संपले नाही. मात्र तिथेच जन्मलेली, पहिल्यापासून वेगळे खाऊन वाढलेली त्यांची पिले निर्विष निघाली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुम्हाला यापेक्षा मोठे उत्तेजन मी कोणते देऊ? मोठ्यांच्या पोटात बसलेली कटुता एका उपदेशाने उतरत नाही, हे आपण सारेच जाणतो. दर वर्षी उपवासकाळ येतो, प्रभुभोजनापूर्वी आपण हात जोडून क्षमा मागतो, आणि बाहेर चपला घालताना पुन्हा तोंड फिरवतो. पण तुमच्यासमोर चटईवर जी मुले बसतात त्यांना अजून कोणी काय खायला घातलेले नाही, याचा विचार करा. अजून वेळ आहे.

वेळ फार नाही, हेही खरे. एका मंडळीत दोन घराण्यांचे वाकडे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी काही कारण घडले. ते नेमके काय होते हे आता त्या घरांतल्या लोकांनाही धड सांगता येत नाही. तरीही एका घरचा सात वर्षांचा मुलगा दुसऱ्या घरच्या मुलीशेजारी चटईवर बसत नाही. शिक्षिकेने विचारले तर म्हणाला, “ती लोकं चांगली नाहीत.” सात वर्षांच्या मुलाला हे कोणी शिकवले? मुद्दाम बसवून कोणीच शिकवले नसेल. रात्री भाकरी खाता खाता वडील बोलले, आईने दुजोरा दिला, आजीने उसासा टाकला. किडा बारीकच होता. पण रोज एक.

तुम्ही म्हणाल, आईबाप काय मुलांचे वाईट चिंततात? मुळीच नाही, आणि दुःखाची गोष्ट तीच आहे. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका आणि पनामाकडे एक लाल, बोटाच्या पेराएवढा विषारी बेडूक आहे. त्या बेडकीचे वात्सल्य पाहून माणसाने मान खाली घालावी. अंड्यांतून पिले निघाली, की ती एकेकाला पाठीवर घेते, झाडावर चढते, आणि अननसाच्या जातीच्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात जे पावसाचे पाणी साठते त्यात एकेकाला सोडते. मग एवढ्यावर न थांबता ती प्रत्येक पिलाकडे पुन्हा पुन्हा येते आणि खास त्याच्या खाण्यासाठी न फळलेली अंडी घालते. दुसरे कोणतेही खाणे त्या पिलाला चालत नाही. संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की त्या अंड्यांतच आईचे विष उतरलेले असते. शत्रूने पिलाला खाऊ नये म्हणून आई त्याला विष भरवते!

बेडकीला देवाने तशीच बुद्धी दिली आहे. तिचे काही चुकत नाही. पण आपण आपल्या लेकरांना ज्या काळजीने सांगतो, “त्यांच्यापासून जपून राहा, त्यांच्यात मिसळू नको, त्यांचा भरवसा धरू नको,” ती काळजी आणि ती बेडकी यांत मला फारसा फरक दिसत नाही. प्रेमाने भरवलेले विषही विषच असते. गावातले, जातीचे, भाषेचे, आणि होय, एका चर्चचे दुसऱ्या चर्चविषयीचे सारे जुने गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या पुढे आले ते बहुतेक याच वाटेने, आईबापांच्या मायेच्या हातून.

बोलणाऱ्याविषयी आपण नेहमी ऐकतो, ऐकणाऱ्याविषयी कमी. म्हणून जपानातल्या एका सापाची गोष्ट सांगतो. हा साप भेक खातो आणि त्याला काही होत नाही. इतकेच असते तर ठीक होते. पण तो त्या भेकाचे विष आपल्या मानेवरच्या ग्रंथींत साठवून ठेवतो, आणि कोणी अंगावर आले की तीच मान पुढे करतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की ज्या बेटावर भेक नाहीत तिथल्या याच जातीच्या सापांच्या मानेत ते विष नसते. म्हणजे त्याच्या मानेतले ते हत्यार त्याचे स्वतःचे नव्हे. त्याने ते गिळले, जपले, आणि वेळ येताच दुसऱ्यावर चालवले. कोणी आपल्या कानाशी लागून एखाद्या भावाविषयी काही सांगतो. आपण “हं, हं” करतो, काही बोलत नाही, आणि मी कोठे निंदा केली, अशी मनाची समजूत घालतो. पण वर्षभराने त्याच भावाशी खटका उडाला म्हणजे ती साठवलेली गोष्ट बरोबर जिभेवर येते. नीतिसूत्रांच्या कर्त्याने कानाशी लागणाऱ्याचे बोलणे चवदार घासासारखे असते, ते पोटाच्या आत आत उतरते, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. घास गिळणाऱ्यालाही त्याने मोकळे सोडलेले नाही.

येथपर्यंत ऐकून कोणी जाणता वाचक माझा हात धरील. तो म्हणेल, “महाराज, आपण तर सारा दोष खाण्यावर टाकलात. पण आपल्या प्रभूने याच्या अगदी उलट सांगितले आहे. बाहेरून माणसाच्या आत जाते ते त्याला विटाळवीत नाही. त्याच्या अंतःकरणातून बाहेर निघते ते त्याला विटाळविते. मार्काचा सातवा अध्याय आपणच वर वाचनाला दिला आहे!”

हरकत रास्त आहे, आणि तिचे उत्तर आपल्या ओसरीवरच बसलेले आहे. दूरच्या पिवळ्या बेडकाला विषासाठी मुंग्या आणि भुंगेरे लागतात. आपल्या भेकाला लागत नाहीत. त्याचे विष त्याचे स्वतःचे शरीर तयार करते, आणि तेही कोलेस्टेरॉलसारख्या, प्रत्येक प्राण्याच्या शरीरात असणाऱ्या साध्या पदार्थापासून. त्याला कितीही स्वच्छ अन्न घाला, काचेच्या पेटीत ठेवा, चांगल्या संगतीत ठेवा, ग्रंथी तिच्या कामाला लागणारच. त्याच्या अंड्यांतसुद्धा विष असते.

आपण या दोहोंपैकी कोण? मला वाटते, प्रामाणिक माणूस दोन्ही म्हणेल. आपल्यातली काही कटुता भरवलेली आहे. ती संगतीतून आली, घरातून आली. संगत बदलली, घर बदलले, की पुढच्या पिढीत ती नाहीशी होऊ शकते. पण ज्या घरात कोणी कोणाविषयी वाईट बोलत नाही, सकाळ-संध्याकाळ कौटुंबिक प्रार्थना होते, त्या घरातल्या तीन वर्षांच्या लेकराच्या मनातही धाकट्या भावाविषयी मत्सर उगवतो. तो कोणी भरवला? काइनाला कोणी शिकवले होते? तेव्हा शेजारी नव्हते, भाऊबंदकी नव्हती, वाईट पुस्तके नव्हती. परूश्यांशी झालेल्या हात धुण्याच्या वादात प्रभूने जे सांगितले ते या दुसऱ्या विषाविषयी. खाणे सुधारून ते जात नाही. त्यासाठी दाविदाने एक्कावन्नाव्या स्तोत्रात जे मागितले तेच मागावे लागते. मन धुऊन पुसून काम भागणार नाही हे त्याला कळले होते, म्हणून त्याने नवे मन मागितले. चांगली शब्बाथशाळा चालवणाऱ्यांनी हे विसरू नये. मुलांना निर्विष अन्न देणे आपल्या हाती आहे. नवे हृदय देणे आपल्या हाती नाही. म्हणून पाठ शिकवून झाल्यावर त्या मुलांची नावे घेऊन प्रार्थनाही करायची असते.

आता विषाच्या शत्रूंविषयी. देवाच्या सृष्टीत असे विष नाही ज्याला कोणीच पचवत नाही. त्या भयंकर पिवळ्या बेडकाची पिले खाणारा एक लहानसा साप त्याच रानात आहे. आपल्याकडे भेक हे गवत्या सापाचे आवडते खाणे. पाण्याकाठची दिवडही बेडकांबरोबर भेक गिळते. भेकाचे विष हृदयाच्या पेशींतल्या ज्या भागावर घाव घालते, तो भागच असे विष पचवणाऱ्या सापांत किंचित बदललेला असतो. कुलूपच बदलले म्हणजे किल्ली लागत नाही, तसे.

आणि येथे मला आपल्या मंडळ्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. आपण जुने लोक या सापांसारखे झालो आहोत. मंडळीत कोणी तिखट बोलले तर आपण म्हणतो, “जाऊ द्या, त्यांचा स्वभावच तसा आहे.” कमिटीच्या बैठकीत आरडाओरडा झाला तर म्हणतो, “चालायचेच.” वीस-तीस वर्षे आपण हे गिळत आलो. आपल्याला काही होत नाही, म्हणून ते विष नव्हेच असे आपण मानू लागलो.

मादागास्कर हे आफ्रिकेजवळचे मोठे बेट. तिथे भेकाची जात मुळी नव्हतीच. आपल्या ओसरीवरच्या या भेकाचा आशियाई भाईबंद कधीतरी मालवाहू जहाजातून तिथल्या तोआमासिना बंदरात उतरला. २०१४ साली त्याची वार्ता जगाला कळली. इथे आशियात तो साधा प्राणी. त्याला खाणारे इथे आहेत, त्याला टाळायला शिकलेलेही आहेत. पण मादागास्करच्या सापांनी, पक्ष्यांनी आणि इतर जनावरांनी असले विष कधी चाखलेलेच नव्हते. २०१८ साली संशोधकांनी तिथल्या नाना जातींच्या प्राण्यांची जनुके तपासली, तेव्हा जवळजवळ कोणाकडेच या विषाला तोंड देणारा तो बदल आढळला नाही. आपल्याकडच्या सापाचा रोजचा घास तिकडच्या सापाचा शेवटचा घास ठरतो.

उपासनेला नव्याने येऊ लागलेले एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. धूलकोटच्या बाजारहाटातून एखादे भिलाला किंवा बारेला कुटुंब येते, उपासना संपेपर्यंत मागे भिंतीशी दबकून बसते. किंवा शहरातून नोकरीनिमित्त आलेला एखादा तरुण. किंवा आपलीच लेक, जी आता कोठे मनापासून प्रश्न विचारू लागली आहे. आशीर्वाद होतो, आपण बाहेर झाडाखाली उभे राहतो, आणि सवयीने बोलू लागतो. पाळकसाहेबांच्या उपदेशाविषयी, अमक्याच्या दानाच्या रकमेविषयी, तमकीच्या सुनेविषयी. आपल्याला त्यात काही वाटत नाही. ते कुटुंब ऐकते, आणि पुढल्या रविवारी येत नाही. आपण म्हणतो, त्यांचा विश्वास कच्चा होता. कच्चा होताच! लहानांचा असतोच. अशा लहानांपैकी एकाला अडखळण आणणाऱ्याविषयी प्रभूने जात्याच्या तळीची जी गोष्ट सांगितली, ती आपण परक्यांना उद्देशून वाचतो. मला ती झाडाखाली उभ्या असलेल्या जुन्या सभासदांना उद्देशून सांगितलेली वाटते.

यावर काही जण म्हणतात, “मी स्पष्टवक्ता आहे. जे आहे ते तोंडावर बोलतो. औषध कडूच असते.” त्यांच्यासाठी आणखी एका बेडकाची हकीकत. वर ज्यांचे नाव आले त्या जॉन डॅली यांनी १९७४ साली इक्वेडोर देशात एका चिमुकल्या बेडकाच्या कातडीतून एक द्रव्य मिळवले. त्याची रचना १९९२ साली उलगडली. वेदना शमवण्यात ते मॉर्फिनच्या सुमारे २०० पट प्रभावी निघाले. केवढी आशा वाटली! पण ते औषध म्हणून कधी दवाखान्यात पोहोचलेच नाही. दुखणे थांबवणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतरच फार थोडे होते. स्पष्टवक्त्या बंधूंनी आपल्या शब्दांची मात्रा कोणत्या तराजूत मोजली होती, एवढे स्वतःला विचारावे. पौलाने सत्याबरोबर प्रीती जोडून सांगितली आहे. ती चवीसाठी नव्हे.

रंगावरूनही फसू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो. कोलंबियात पिवळा रंग म्हणजे मरणाची सूचना. आपल्याकडे पहिल्या पावसात डबक्यांतून मोठ्याने डरकाळणारा लिंबासारखा पिवळा नर बेडूक मात्र आपल्या माद्यांना भुलवण्यासाठी रंगलेला असतो, आणि इतका खाण्याजोगा, की त्याच्या तंगड्या परदेशी पाठवून पाठवून शेवटी १९८७ साली सरकारला ती निर्यात बंद करावी लागली. विष आहे ते मातकट, गरीब दिसणाऱ्या भेकात. मंडळीत मोठ्याने बोलणारा माणूस पुष्कळदा निर्मळ निघतो, आणि हळू आवाजात, डोळे मिटून, “भाऊ, फक्त प्रार्थनेसाठी म्हणून सांगतो हं,” असे म्हणत सुरू होणाऱ्याजवळ जपून बसावे.

मग उपाय काय? निर्गमाच्या पुस्तकात बेडकांनी सारा मिसर भरून गेला, पिठाच्या काथवटीपर्यंत बेडूक पोहोचले, तेव्हा मोशेने फारोला विचारले, हे कधी जावेत म्हणून विनंती करू? फारो म्हणाला, उद्या. आजच का नाही म्हणाला, हे मला अजून उमगलेले नाही. त्याचे जादूगारही पाहण्यासारखे: त्यांनी आपल्या विद्येने आणखी बेडूक आणून दाखवले, पण आलेला एक बेडूक परत पाठवणे त्यांना जमले नाही. मंडळीतल्या भांडणात असे जादूगार पुष्कळ भेटतात.

पण उपायासाठी मी तुम्हाला फारोच्या राजवाड्यात नेत नाही. गिलगालला चला. देशात दुष्काळ आहे. संदेष्ट्यांचे शिष्य अलीशापुढे बसले आहेत, आणि अलीशाने आपल्या सेवकाला मोठे पातेले चढवायला सांगितले आहे. त्यांतला एक जण भाजीपाला आणायला रानात गेला. चांगल्या हेतूने गेला. सगळे उपाशी होते. त्याला एक रानवेल दिसली, तिची फळे त्याने ओचाभर तोडली, आणून चिरली आणि पातेल्यात टाकली. ती कसली आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. घास तोंडात जाताच ओरड झाली, पातेल्यात मरण आहे!

शब्बाथशाळेत हा धडा आला, की मुलांना विचारा: आता अलीशाने काय करावे? मुले हटकून सांगतात, ओतून द्यावे. काही म्हणतात, ज्याने आणले त्याला शिक्षा करावी. आपण मोठेही तेच म्हणतो. पण दुष्काळात पातेले ओतून द्यायचे म्हणजे सगळ्यांनी उपाशी राहायचे, आणि आपली मंडळी, आपले घर, आपले भाऊबंद हे ओतून देण्यासारखे पातेले नव्हे. दुसरे पातेले आपल्याजवळ नाही. अलीशाने पीठ मागितले. साधे, घरातले, रोजच्या भाकरीचे पीठ. ते पातेल्यात टाकले आणि म्हणाला, वाढा लोकांना. पिठात काही औषधी गुण नव्हता. सामर्थ्य देवाचे होते, हे निराळे सांगायला नको. पण देवाने ते दिले ते सगळ्यांच्या ओळखीच्या वस्तूतून, आणि त्याच पातेल्यात.

त्या सात वर्षांच्या मुलाच्या शिक्षिकेने पुढे काय केले, ते येथे सांगतो. तिने त्याला रागावले नाही, की त्याच्या घरीही बोलावणे पाठवले नाही. नाताळच्या कार्यक्रमासाठी पाठ करायचे वचन तिने त्या दोघा मुलांना मिळून एकच दिले, अर्धे त्याला, अर्धे तिला. एकाशिवाय दुसऱ्याचे वाक्य पुरे होईना. दोघे चर्चच्या पायरीवर बसून आठवडे दोन आठवडे ते घोकत होते. त्या दोन घरांची बोलाचाली सुरू झाली, असे मी लिहिले असते तर गोष्ट सुंदर झाली असती. तसे अजून झालेले नाही. पण नाताळच्या संध्याकाळी दोन्ही घरची माणसे एकाच वेळी श्वास रोखून बसली होती, एवढे मी पाहिले आहे.

आणि गिलगालचा तो माणूस, ज्याने रानवेलीची फळे ओच्यात भरून आणली? शास्त्रात त्याचे नाव नाही. अलीशाने ते विचारले, असेही कोठे लिहिलेले नाही. पीठ पडले, पातेले शांत झाले, आणि सर्वांना वाढण्यात आले. तोही त्यांच्यात बसला असणार.